नॉरिस हॅलमचा टर्बो

नॉरिस हॅलमच्या हातचा चहा अख्ख्या खोऱ्यात नावाजलेला होता, आणि हेच त्याचं मोठं दुःख होतं.

डर्बीशरच्या त्या खोऱ्यात घरच्या घरी गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. बहुतेक मंडळी निवृत्त, बहुतेकांच्या पाठी धरलेल्या, आणि सगळ्यांच्या नखांत काळं तेल कायमचं मुरलेलं. दर उन्हाळ्यात एका रविवारी हे लोक जुन्या जहागिरीच्या चढावर जमतात आणि एकेक जण आपली गाडी घड्याळ लावून वर पळवतो. पहिला कोण आला हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात राहत नाही. ध्यानात राहतो तो शेवटचा, कारण ज्याची गाडी सगळ्यांत हळू चढेल त्याने पुढचं वर्षभर दर बैठकीला सगळ्यांचा चहा करायचा, असा तिथला रिवाज आहे. जो गाडी घेऊन येतच नाही तोही शेवटचाच धरतात, त्यामुळे ताप आला, पाहुणे आले असल्या सबबी चालत नाहीत.

नॉरिसने लागोपाठ सहा वर्षं चहा केला होता. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याची कीव केली. तिसऱ्या वर्षापासून त्यांना त्या चहाची चटक लागली, आणि नॉरिसची गाडी हळूच राहावी अशी ते मनातून प्रार्थना करू लागले. त्याच्या जेमतेम पुढे असायचा क्लाइव्ह ओल्डरॉइड, निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर त्याने लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू दिलं नव्हतं, आणि ती सवय अजून गेली नव्हती. कप पुढे करून तो म्हणायचा, "बदका, तुझी ती गाडी चढावर हलवायला बिस्किट दाखवावं लागतं म्हणे." तिकडे सगळेच एकमेकांना बदक म्हणतात, त्यात राग धरायचं कारण नव्हतं. राग बिस्किटाचा होता.

नॉरिस जन्मभर लोकांच्या घरांत गालिचे अंथरत आला होता. त्या खोऱ्यातल्या क्वचितच एखाद्या घराची जमीन अशी असेल, जिच्यावर तो गुडघ्यांवर रांगला नाही. त्याचं माप कधी चुकलं नाही. कुणाच्या अंत्ययात्रेनंतर चहाला गेला तरी दुःख व्यक्त करता करता त्याची नजर कोपऱ्यातल्या शिवणीकडे जायची. या धंद्याने त्याला दोन गोष्टी दिल्या: कामातून गेलेले गुडघे आणि स्वतःच्या टेपवरचा अढळ विश्वास. उंचीला सव्वासहा फूट, अंगाने भरभक्कम, आणि बूट बारा नंबरचा, तोही रुंद पंजाचा. गालिच्यावर चालताना तो बूट काढायचा ते गालिचा मळेल म्हणून, पण घरातल्या बायकांना वाटे की तुटेल म्हणून काढतोय.

त्याची बायको ब्रेंडा गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला होती. खताची पोती आणि कुंड्या भरलेली व्हॅन घेऊन ती डोंगरावरच्या शेतांवर जायची, जिथे रस्ता गाडीपेक्षा दोन बोटंच रुंद आणि समोरून कधी मेंढ्या तर कधी ट्रॅक्टर. पण नवराबायको एकत्र निघाले की गाडी नॉरिसच चालवणार. हे लग्नापासून चालत आलेलं होतं आणि कुणी ठरवलेलं नव्हतं. नॉरिस संथ चालवायचा. ब्रेंडा शेजारी बसून मागे साठलेल्या गाड्या आरशात मोजायची आणि काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं चांगलं ऐकू यायचं.

सहाव्या चहाच्या वर्षी नॉरिसने निश्चय केला की आता गाडीत टर्बो बसवायचा. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनाच्या नाकात हवा कोंबतो आणि इंजिन पिसाळल्यासारखं धावतं. नॉरिसची गाडी म्हणजे दारं नसलेली, छप्पर नसलेली, दोन माणसांची बुटकी टोपली. तिच्यातलं जुनं इंजिन आयुष्यभर दमेकऱ्यासारखं धापा टाकत आलेलं. एका ठोकलेल्या जपानी गाडीतलं टर्बोवालं इंजिन भंगारवाल्याकडे होतं. ते घरी आलं ब्रेंडाच्या व्हॅनमधून, फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये बसून, आणि त्याला दोन दिवस मातीचा आणि कळ्यांचा वास येत होता.

आता ते बसवायचं कुठे, हा प्रश्न होता. गाडीत पाठकुळीला मारलेल्या पिशवीएवढी जागा, आणि इंजिन निघालं तिच्यापेक्षा धष्टपुष्ट. नॉरिसने ते साखळीने उचललं, उतरवलं, पुन्हा उचललं. कोबीच्या गड्ड्याएवढा टर्बो उजव्या अंगाला होता, म्हणजे नेमका चालवणाऱ्याच्या बाजूला. त्यातून निघणारी जाड, तापून लाल होणारी नळी चालवणाऱ्याच्या पायाशेजारून खाली उतरत होती. डाव्या अंगाला नवा गिअरबॉक्स, तोही पोट सुटलेला. दोघांच्या मध्ये जी फट उरेल ती पायांची. नॉरिसने पुढचा सगळा तळ कापून काढला आणि पत्र्याचा नवा तळ बांधायला घेतला.

इथे त्याच्या हातून ती गोष्ट घडली. तळाचं माप घ्यायचं तर कुणीतरी चालवायच्या जागी बसायला हवं आणि कुणीतरी गाडीखाली टेप धरायला हवा. नॉरिसने टेप दुसऱ्याच्या हातात देणं शक्यच नव्हतं, देवाच्या हातातही त्याने दिला नसता. शिवाय तो एकदा त्या बुटक्या गाडीत बसला की गुडघे त्याला तासभर उठू देत नसत. म्हणून बसायची ब्रेंडा. लोकरीची टोपी, अंगात कोट, पायांत घरातल्या सपाता, मांडीवर बियाण्यांचं पुस्तक आणि हातात चहाचा मग. उलट्या खोक्यावर बसून ती पाय लांब करायची आणि खालून आवाज यायचा.

"उजवा पाय पुढे. ब्रेक समज."

"समजला."

"आता डावा. क्लच."

"हा क्लच कालच्यापेक्षा थंड आहे रे."

असा सगळा हिवाळा गेला. नॉरिसने तिच्या सपातांच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या आणि धंद्याच्या सवयीने सगळीकडे इंचभर जास्त सोडलं. गालिचा नेहमी इंचभर मोठाच कापावा लागतो. त्याला एकदाही वाटलं नाही की ज्याचे पाय इथे यायचे आहेत ते दुसरेच आहेत. जन्मभर त्याने जमिनी मोजल्या होत्या. त्यांच्यावर कोण चालणार आहे हे विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि आता आली तेव्हा त्याला तशी आठवणच झाली नाही.

वसंतात गाडी तयार झाली. नॉरिसने गॅरेजचं दार उघडलं, बूट घातले, त्या टोपलीत स्वतःला हप्त्याहप्त्याने उतरवलं आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याचा आवाज ऐकून नॉरिसच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तसंच राहिलं, कारण पुढचं काही पाहायला बरं नव्हतं. त्याने क्लच दाबला तर बुटाच्या कडेने ब्रेकही दाबला गेला. ब्रेक दाबायला गेला तर ॲक्सिलरेटरही दाबला गेला. गाडी गर्जना करत जागच्या जागी थरथरत राहिली. मग बूट ब्रेकवरून निसटला आणि गाडी थेट ब्रेंडाच्या वाटाण्याच्या वेलांत शिरली. काठ्यांची आणि वेलांची झूल पांघरून ती उभी राहिली तेव्हा नॉरिसचा उजवा पाय नळी आणि पेडल यांच्यात अडकून बसला होता आणि शेजारची म्हातारी कुंपणावरून त्याला सुप्रभात म्हणत होती.

त्यानंतर नॉरिसने जे जे केलं ते सांगताना त्याच्याविषयी वाईट वाटतं, पण हसू आवरत नाही. बूट काढून मोज्यांवर चालवून पाहिली. नळीने मोजा जळाला आणि अंगठा शेकला. बोटं आवळून बसला; पोटरीत असा गोळा आला की गाडीतून सरपटत बाहेर यावं लागलं. नाचणाऱ्या मुलींचे मऊ बूट अगदी पातळ असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गावातल्या त्या दुकानात गेला. दुकानातल्या बाईने त्याच्या पायांकडे एकदा पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि फार मायेने विचारलं की नाचाचा वर्ग सुरू केलाय का. बारा नंबर तिने स्वतः तीस वर्षांत पाहिला नव्हता. क्लाइव्हच्या कानावर हे गेलंच. अंगठे काढून टाकायला लागणारं भूल देण्याचं सामान आपल्याकडे अजून आहे, असं त्याने कळवलं.

गाडी अंगणात आडवी उभी होती आणि दूधवाल्याला आत यायला जागा नव्हती. नॉरिस घरात जाऊन बादलीत पाय सोडून बसला. तेवढ्यात बाहेर इंजिनाचा आवाज झाला. त्याने खिडकीतून पाहिलं तर ब्रेंडा सपाता घालून गाडीत बसली होती. एका दमात तिने गाडी मागे घेतली, वळवली, पुन्हा मागे घेतली आणि गॅरेजच्या दोन्ही भिंतींना समान अंतर ठेवून आत लावली. एकदाही गचका नाही की घरघर नाही. उतरल्यावर ती क्षणभर गाडीपाशी थांबली आणि तिने बॉनेटवर हात फिरवला, मेंढीच्या पाठीवर फिरवावा तसा. मग सपातांना लागलेली माती झटकून ती आत आली.

नॉरिस ओल्या पायांनीच गॅरेजमध्ये गेला. गाडीत डोकं खुपसून त्याने टेप लावला, आणि माप बरोबर आलं. सगळीकडे बरोबर. ब्रेंडाच्या सपाता, वर इंचभर. गाडी चुकलेली नव्हती, ती दुसऱ्या माणसाची झाली होती. एवढ्या वर्षांत त्याने जे सगळ्यांत नेमकं काम केलं होतं, त्यात त्यालाच पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून त्याने टेप भिंतीवर फेकला.

चढाचा रविवार तोंडावर आलेला. तळ पुन्हा कापून बांधायचा तर आणखी एक हिवाळा हवा. जुनं इंजिन बसवायचं तर ते त्याने भंगारवाल्याला देऊन टाकलेलं. गाडी न नेली तर सातव्या वर्षाचा चहा ठरलेला. आणि नेली तर चालवणार कोण, याचं उत्तर घरात सपाता घालून फिरत होतं. नॉरिसला ते दिसत होतं आणि बघवत नव्हतं. त्याने ती गाडी चहा टाळायला बांधली होती हे खरं, पण फक्त तेवढ्यासाठी नाही. आयुष्यभर गुडघ्यांवर रांगलेल्या माणसाला एकदा सगळ्यांसमोर वेगात बसून जायचं होतं. तो चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. ब्रेंडाही काही बोलली नाही. तिने स्वतःहून एक अवाक्षर काढलं असतं तर नॉरिसला भांडता तरी आलं असतं.

शेवटी सॉसेज आणि बटाट्याचा लगदा पुढ्यात असताना त्याने ताटाकडे बघत विषय काढला.

"रविवारी तुला काही काम आहे का?"

"का?"

"गाडी न्यायची म्हणतोय. म्हणजे, तू."

ब्रेंडाने काटा खाली ठेवला. "सांगतोयस की विचारतोयस?"

"विचारतोय."

"मग नीट विचार. सॉसेजला नको, मला विचार."

नॉरिसने मान वर केली. लग्नाचं विचारतानाही त्याला इतकं अवघड गेलं नव्हतं, तेव्हा निदान अंधार होता. "ब्रेंडा, माझी गाडी तू चालवशील का?"

"चालवीन," ती म्हणाली. मग तिने त्याच्या ताटात आणखी एक सॉसेज वाढलं आणि त्याच्या मागून जाताना त्याच्या टकलावर हात ठेवला. नॉरिसला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंही थोडं वाईट वाटलं.

रविवारी चढाच्या पायथ्याशी क्लाइव्हने हरकत घेतली. त्याचं म्हणणं, ज्याने बांधली त्याने चालवायची, नाहीतर उद्या कुणीही पुतण्याला आणून बसवील. लोक माना डोलवू लागले, त्यांना चहाची काळजी होती. नॉरिस म्हणाला, "बांधताना हिवाळाभर सीटवर कोण बसलं होतं विचार. मी तर गाडीखाली होतो. माझं माप या गाडीत कुठेच नाही." आणि त्याने सगळ्यांसमोर बारा नंबरचा पाय आत घालून दाखवला. तो अडकला. काढायला क्लाइव्हलाच हात लावावा लागला, आणि तो निघेपर्यंत हरकत मागे पडली.

सकाळी सरावाला शेजारी माणूस नेला तर चालतो. नॉरिस डावीकडे बसला. तिथे मात्र पायांना ऐसपैस जागा होती. त्याचा उपयोग त्याने पहिल्याच वळणावर केला, म्हणजे नसलेला ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला. ब्रेंडाने खरा दाबला नाही. टर्बोचं असं असतं की आधी काही होत नाही, मग काही होत नाही, आणि मग एकाएकी मागून कुणीतरी लाथ घालावी तशी गाडी उसळते. उसळली तेव्हा नॉरिसच्या तोंडून देवाच्या नावाने अशी एक हाक निघाली जी त्याने चर्चमध्येही कधी मारली नव्हती. दगडी भिंत हातभरावरून सरकली. झाडी आली आणि गेली. डोंगरावरच्या मेंढ्यांनी ब्रेंडाला जे शिकवलं होतं ते सगळं तिच्या मनगटांत होतं. वर पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं.

"छान बांधलीयस रे," ती म्हणाली. हे ऐकायला नॉरिस किती वर्षं थांबला होता, आणि ते असं शेजारच्या सीटवरून ऐकू येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून तो तोंड उघडणार, तोच ती पुढे म्हणाली, "आता घड्याळाच्या फेरीला तू नको. तुझं वजन फार आहे, बदका."

तिचा कोट आणि पर्स हातात घेऊन नॉरिस पायथ्याशी चालवणाऱ्यांच्या बायका उभ्या राहतात तिथे जाऊन उभा राहिला. ती जागा त्याने आजवर फक्त गाडीतून पाहिली होती. निशाण पडलं आणि ब्रेंडा गेली. पहिल्या वळणापर्यंत गाडी दिसली, मग झाडीत शिरली, आणि मग आवाजही दबला.

नॉरिसच्या मनात आलं: स्टिअरिंगचा खालचा बोल्ट आपण आवळला का? आवळला होता. दोनदा आवळला होता. दुसऱ्यांदा आवळल्याचं त्याला आठवत होतं, पहिल्यांदाचं आठवेना. स्वतः चालवताना त्याला त्या बोल्टची आठवणसुद्धा कधी झाली नव्हती. त्याने पर्स छातीशी घट्ट धरली.

शेजारी क्लाइव्हची बायको पॉलीन उभी होती. ती सँडविच खात शांतपणे म्हणाली, "होईल सवय. पहिल्या वर्षी मलाही व्हायचं असं."

"ब्रेंडाला नाही व्हायचं," नॉरिस म्हणाला. "ती कधी काही बोलली नाही."

"बोलेल कशी? तू गेलास की ती झाडीकडे पाठ करून उभी राहायची. तू वर पोचलास असं मी सांगेपर्यंत वळायची नाही."

"माझी गाडी तर पायी चालल्यासारखी जायची, पॉलीन."

"ते मी तिला सांगायचे. तरीही. सहाही वर्षं."

तेवढ्यात वरच्या भिंतीपाशी इंजिन पुन्हा गरजलं, टर्बोची शीळ घुमली, आणि माथ्यावर गाडी पोचल्याचं हिरवं निशाण हललं. त्याचा जीव भांड्यात पडला. ब्रेंडाची वेळ पुकारली तेव्हा लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग एकमेकांकडे बघितलं, कारण शेवटचा क्लाइव्ह ठरत होता, आणि क्लाइव्हच्या हातचा चहा कुणी कधी चाखलेला नव्हता.

ब्रेंडा खाली आली. केस विस्कटलेले, गाल लाल, चाळिशीतली दिसत होती. नॉरिसला टर्बोविषयी खूप विचारायचं होतं, हवा किती धरली, नळी किती तापली, दुसऱ्या वळणावर कुठला गिअर. त्यातलं काहीच त्याने विचारलं नाही. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"काय झालं?" तिने हातमोजे काढत विचारलं. मग जरा थांबून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हे बघ, हिवाळ्यात तळ कापून घे परत. तुझ्या पायांच्या मापाने. मी बसेन हवं तर टेपला, पण बूट तुझे घालून."

तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, ती खरंच म्हणत होती. नॉरिसला ती सीट हवी होती. इतकी हवी होती की त्याने गाडीत वाकून त्या अरुंद फटीकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तसंच. पण पुढच्या वर्षी मी झाडीकडे पाठ करून उभा राहणार. आधीच सांगून ठेवतो."

ब्रेंडाने झटकन पॉलीनकडे पाहिलं. पॉलीन सँडविचात तोंड घालून उभी होती. मग ब्रेंडाने कोटाच्या बाहीत हात घातला, आणि दुसरी बाही सापडेपर्यंत नॉरिसने कोट धरून ठेवला.